आखीव जमिनीचा मुलूख : आयोवातील प्रवास

शिकागोहून डेन्व्हरकडे मोटारीने जाणाऱ्या बहुतेकांच्या लेखी आयोवा हे राज्य म्हणजे ऐंशी क्रमांकाच्या महामार्गावरील सुमारे ४९० किलोमीटरचा कंटाळवाणा टप्पा असतो. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मधूनच धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या, क्षितिजावर पवनचक्क्या आणि पुन्हा मका. आम्ही उभयतांनीही तो आजवर असाच ओलांडला होता. या खेपेस मात्र सप्टेंबरच्या अखेरीस, काढणीला नुकताच हात लागलेला असताना, महामार्ग शक्यतो टाळून मिसिसिपीपासून मिसूरीपर्यंतचे हे राज्य गावरस्त्यांनी पार करायचे आम्ही ठरवले. इथे पाहण्यासारखे काही नाही, असे इथलेच लोक काहीशा संकोचाने सांगतात. आम्हाला तर ते ‘काही नाही’ कसे तयार झाले, हेच पाहायचे होते.

रविवार : मिसिसिपीचा काठ

विस्कॉन्सिनमधील प्रेरी डु शीन या गावाजवळ पूल ओलांडून आपण आयोवात शिरतो, आणि शिरताक्षणीच सपाट आयोवाची कल्पना बाजूला ठेवावी लागते. नदीच्या पश्चिम काठावर चुनखडीचे उभे कडे आहेत, त्यांच्या मागे दाट झाडीने भरलेल्या घळी आहेत आणि घळींतून थंड पाण्याचे झरे वाहतात. शेवटच्या हिमयुगातील बर्फाचे थर राज्याच्या या ईशान्य कोपऱ्यापर्यंत पोहोचले नाहीत. त्यामुळे इथली भूमी घासली गेली नाही, भरून निघाली नाही, नद्यांनी कोरली तशीच राहिली.

मार्केत गावाच्या उत्तरेस, यलो नदी जिथे मिसिसिपीला मिळते तिथे, ‘एफिजी माउंड्स’ हे १९४९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालेले ठिकाण आहे. कड्यावर चढून जाणारी पायवाट दमछाक करते, पण माथ्यावर पोहोचल्यावर ओक वृक्षांच्या सावलीत मातीचे बुटके उंचवटे दिसू लागतात. असे दोनशेंहून अधिक उंचवटे या परिसरात आहेत. काही गोल, काही लांबट आणि काही चक्क अस्वलांच्या व पक्ष्यांच्या आकाराचे. ‘महाअस्वल’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा डोक्यापासून शेपटापर्यंत सुमारे ४२ मीटर लांब आणि मीटरभर उंच आहे. उभ्याने पाहिले तर त्याचा आकार पटकन लक्षात येत नाही. त्याच्या कडेने चालत गेल्यावर पाय, पाठ, मान अशी एकेक गोष्ट उलगडते. प्राण्यांच्या आकाराचे हे उंचवटे साधारणपणे ८५० ते १४०० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि हो-चंक, आयोवे अशा अनेक आदिवासी राष्ट्रांचे लोक आजही त्यांना आपल्या पूर्वजांची पवित्र स्थळे मानतात. राज्याला ज्यांचे नाव मिळाले, त्या आयोवे लोकांची आजची राखीव गावे मात्र आयोवात नाहीत. ती कॅन्सस, नेब्रास्का आणि ओक्लाहोमात आहेत. हे एवढे ध्यानात ठेवले, तरी पुढचा इतिहास वाचताना दृष्टी थोडी जाग्यावर राहते.

संध्याकाळी दक्षिणेकडील ‘पाइक्स पीक’ उद्यानातील कड्यावर गेलो. समोर विस्कॉन्सिन नदी मिसिसिपीला येऊन मिळते. १७ जून १६७३ रोजी पाद्री मार्केत आणि लुई जोलिए हे फ्रेंच प्रवासी त्या मुखातून होडीने बाहेर पडले आणि त्यांनी समोर हाच कडा पाहिला. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून हा सगळा प्रदेश विकत घेतला, आणि दोन वर्षांनी लेफ्टनंट झेब्युलन पाइक याने या कड्यावर किल्ला बांधावा अशी सूचना केली. किल्ला पुढे नदीपलीकडे झाला, नाव तेवढे इकडे राहिले. विकत घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने इथे राहणाऱ्यांना विचारले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. १८३२ साली साउक या आदिवासी राष्ट्राचा नेता ब्लॅक हॉक आपली माणसे घेऊन नदीपलीकडील जुन्या गावी परतला, तेव्हा त्याच्याविरुद्ध सैन्य आणि स्थानिक शिबंदी सोडण्यात आली. इथून उत्तरेस, विस्कॉन्सिनच्या बाजूच्या काठावर, २ ऑगस्ट रोजी नदी ओलांडू पाहणाऱ्या स्त्रिया, मुले आणि वृद्धांसह त्याच्या लोकांची कत्तल झाली. त्यानंतरच्या तहात नदीच्या पश्चिमेकडील सुमारे ६० लाख एकरांचा पट्टा सरकारने घेतला आणि १ जून १८३३ पासून तो गोऱ्या वसाहतदारांना खुला झाला.

पुढचा वेग आकड्यांतच कळतो. १८४० च्या जनगणनेत आयोवाची लोकसंख्या ४३,११२ होती, १८५० मध्ये ती १,९२,२१४ झाली आणि १८७० मध्ये ११,९४,०२०. २८ डिसेंबर १८४६ रोजी आयोवा हे संघराज्यातील एकोणतिसावे राज्य बनले.

सोमवार : डेकोरा, स्पिलव्हिल, क्रेस्को

डेकोरा हे नॉर्वेजियन वस्तीचे गाव. १८६१ साली स्थापन झालेले लूथर महाविद्यालय आणि ‘व्हेस्टरहाइम’ हे स्थलांतरितांचे संग्रहालय या दोन संस्थांभोवती गावाचा सारा अभिमान गुंफलेला आहे. संग्रहालयात समुद्र ओलांडून आणलेल्या रंगीत लाकडी पेट्या आहेत. त्यांवर मालकाचे नाव आणि साल रंगवलेले असते. मोठ्या संग्रहालयांत क्वचितच मिळणारे समाधान इथे मिळते, कारण पेटीत काय आणले आणि काय मागे ठेवले, याची खरी नोंद समोर असते.

तिथून जवळच स्पिलव्हिल हे चेक लोकांचे लहानसे खेडे आहे. विख्यात संगीतकार आंतोनीन द्वोर्झाक न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करत असताना, १८९३ चा उन्हाळा त्याने सहकुटुंब या खेड्यात घालवला. भोवती आपली भाषा बोलणारी माणसे होती, सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला मिळत असे, आणि त्या उन्हाळ्यात त्याने तंतुवाद्यांसाठी एक अतिशय गाजलेली रचना इथेच केली. सेंट वेन्सेस्लास चर्च आजही उंचवट्यावर उभे आहे आणि त्यामागील दफनभूमीत लोखंडी क्रूसांच्या रांगा आहेत. द्वोर्झाक ज्या घरात राहिला, तिथे आता दोन शेतकरी भावांनी हिवाळ्याच्या रिकाम्या दिवसांत कोरलेल्या लाकडी घड्याळांचे संग्रहालय आहे. हिवाळ्यात शेते बर्फाखाली असताना माणसे काय करत, याचे याहून चांगले उत्तर मला कुठे मिळाले नाही.

दुपारी क्रेस्कोच्या बाजूला नॉर्मन बोरलॉग यांचे बालपण गेले ते शेतघर पाहिले. २५ मार्च १९१४ रोजी नॉर्वेजियन वंशाच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा एका खोलीच्या खेड्यातील शाळेत शिकला, पुढे मिनेसोटा विद्यापीठात गेला, मेक्सिकोत गव्हाच्या बुटक्या, तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जाती तयार केल्या आणि १९७० साली नोबेल शांतता पुरस्काराचा मानकरी ठरला. ते गहू भारतात आले तेव्हा आपल्याकडील अन्नस्थिती काय होती, हे ज्यांनी मिलोची रेशनची भाकरी खाल्ली आहे त्यांना सांगावे लागत नाही. घर अगदी साधे, पांढरे, लाकडी. भोवती मका आहे, गहू कुठेही नाही.

मंगळवार : दक्षिणेकडे, टामापर्यंत

डेकोरा मागे पडले की घळी संपतात, ओढ्यांचे काठ पसरट होतात आणि रस्ता एकदम सरळ होतो. इथून पुढे दर मैलावर काटकोनात एक रस्ता येतो, आणि तो राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत येत राहतो. ही भूमितीची शिस्त १७८५ च्या भूमी अध्यादेशाची. त्याप्रमाणे जमीन विकण्याआधी ती मोजायची, सहा मैल बाजूचे चौरस पाडायचे, प्रत्येक चौरसाचे एक मैल बाजूचे ३६ भाग करायचे आणि त्या प्रत्येक भागाला, म्हणजे ‘सेक्शन’ला, क्रमांक द्यायचा. सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकरांचा, आणि चतकोराचा चतकोर ४० एकरांचा. सोळाव्या क्रमांकाचा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखलेला असे. बोरलॉग ज्या प्रकारच्या शाळेत शिकले, त्या हजारो एकखोली शाळांचा पाया या तरतुदीत आहे. आयोवाची ही मोजणी १८३२ ते १८५९ या काळात पुरी झाली. वाटेत दलदल आली, ओढा आला, कोणाची स्मशानभूमी आली, तरी रेषा वळत नसे. मोजणीदार फक्त वहीत नोंद करून पुढे जात. पृथ्वी गोल असल्याने चौरस जुळेनासे होतात, तेवढ्या ठिकाणी मात्र रस्त्याला अचानक एक वळसा येतो.

मोजणीची साखळी ६६ फुटांची होती, आणि गावरस्त्यांची हद्दही तेवढीच रुंद ठेवलेली असते. या साखळीशी आपले नाते आहे. तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी आपल्याकडे जमीन मोजायला वापरली गेली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे माप दोन्हीकडे एकाच मुळाचे आहे. फरक इतकाच की आपल्याकडे साखळी आधीपासून वहिवाटीत असलेल्या, वाकड्यातिकड्या बांधांच्या शेतांवरून फिरली, आणि इथे तिने आधी चौकट आखली व माणसे नंतर आणून बसवली.

ही चौकट ज्यांच्या डोक्यावरून आखली गेली, त्यांच्यापैकी मेस्क्वाकी लोकांची वसाहत टामा गावाजवळ, आयोवा नदीच्या काठी आहे. १८४२ च्या तहाने त्यांना आयोवातील उरलीसुरली जमीन सोडावी लागली आणि १८४५ मध्ये त्यांना कॅन्ससकडे पाठवण्यात आले. काही जण गेलेच नाहीत, काही गुपचूप परत आले. १८५६ साली राज्याच्या विधिमंडळाने त्यांना राहू देण्याचा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी १००० डॉलर मोजून नदीकाठची ८० एकर जमीन खरेदी केली. स्वतःच्या नावावर जमीन घेण्याची त्यांना मुभा नव्हती, म्हणून ती गव्हर्नरांच्या नावे विश्वस्त म्हणून ठेवली गेली. सरकारने दिलेली राखीव जमीन नव्हे, तर स्वतः विकत घेतलेली जमीन, यावर मेस्क्वाकी लोक ठाम असतात, आणि तेव्हापासून थोडी थोडी खरेदी करत त्यांनी ती आठ हजार एकरांच्या पुढे नेली आहे. त्यांचे संग्रहालय लहान आहे, पण तिथल्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहावे लागते. ज्या कागदी व्यवहाराने यांची जमीन गेली, त्याच कागदी व्यवहाराचा धडा शिकून त्यांनी ती परत मिळवायला सुरुवात केली, हे आयोवाच्या इतिहासातील मला सर्वांत लक्षणीय वाटलेले प्रकरण आहे. मुक्कामाला आम्ही पूर्वेस अमाना गावांकडे गेलो.

बुधवार : अमाना, आणि मग गवत

अमानाची सात गावे जर्मन धार्मिक पंथीयांनी १८५५ पासून वसवली. जमीन, कारखाने, स्वयंपाकघरे सारे सामाईक. पन्नासच्या आसपास स्वयंपाकघरांतून गावकऱ्यांना पाळीपाळीने जेवण मिळे. १९३२ साली त्यांनी मतदान करून ही व्यवस्था संपवली. आज दुकाने आणि उपाहारगृहे पर्यटकांच्या मापाने बेतलेली असल्याने तिथे फार रमलो नाही. एक गोष्ट मात्र चटकन ओळखीची वाटली : इथे घरे एकत्र आहेत आणि शेते भोवती आहेत, म्हणजे गावठाण आणि शिवार अशी आपल्यासारखी मांडणी. उरलेल्या आयोवात तसे नाही. तिथे प्रत्येक शेतकरी आपल्या चतकोर सेक्शनवर एकटा राहत आला, शेजारी अर्धा मैल दूर. आणि म्हणून चर्च, शाळा व धान्याचा एलिव्हेटर, म्हणजे उंच कोठार, हीच भेटीची ठिकाणे ठरली. त्यांतली शाळा गेली, चर्च ओस पडले, की गाव नकाशावरच राहते.

दुपारी प्रेरी सिटीजवळील नील स्मिथ वन्यजीव आश्रयस्थानात पोहोचलो. ही जमीन एका वीज कंपनीने अणुविद्युत केंद्रासाठी घेतली होती. तो बेत रद्द झाल्यावर १९९० च्या सुमारास ती केंद्र सरकारकडे आली आणि मका काढून तिथे पुन्हा गवत पेरायचे ठरले. वसाहतीपूर्वी राज्याचा सुमारे ८० टक्के भाग उंच गवताच्या प्रेरीने व्यापलेला होता. आज त्यातला हजारावा हिस्साही मूळ स्वरूपात उरलेला नाही. त्यामुळे बियाणे आणायचे कुठून हाच प्रश्न होता, आणि ते जुन्या दफनभूमींच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, नांगर न पोहोचलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांत शोधून गोळा करावे लागले.

सप्टेंबरअखेरीस ‘बिग ब्लूस्टेम’ गवत माणसाच्या डोक्यावर जाते आणि तांबूस होते. पायवाटेवरून चार पावले आत गेल्यावर सोबती दिसेनासा झाला; आवाज तेवढा येत राहिला. मधूनच सूर्यफुलाच्या कुळातील उंच ‘कंपास प्लांट’ दिसत होते, ज्याची पाने साधारण उत्तर-दक्षिण रोखाने उभी राहतात. दूरच्या उतारावर १९९६ मध्ये पुन्हा आणलेल्या बायसनांचा कळप होता. पण प्रेरीचा खरा पसारा जमिनीखाली असतो. या गवतांची मुळे दोन-तीन मीटर, काहींची त्याहूनही खोल जातात. दर वर्षी त्यांतला काही भाग मरतो, कुजतो, आणि हजारो वर्षे हे चालत राहिल्याने इथली माती काळी झाली. मी जालन्याकडच्या काळ्या रानात वाढल्यामुळे काळी माती म्हणजे बेसाल्टचा खडक झिजून झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, अशी माझी समजूत पक्की होती. ही माती हातात घेतली तर रवाळ, भुसभुशीत लागते. रंग सारखा, पण कुळी निराळी.

पहिल्या वसाहतदारांना या मातीचे महत्त्व कळले नाही; जिथे झाड नाही तिथे पीक काय येणार, आणि सरपण व कुंपणाला लाकूड कुठून आणणार, म्हणून ते नदीकाठच्या झाडीला चिकटून राहिले. शिवाय मुळांचे हे जाळे बिडाच्या नांगराला दाद देत नसे आणि माती फाळाला चिकटून बसे. १८३७ साली शेजारच्या इलिनॉयमधील ग्रँड डिटूर येथे जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाले, १८६७ मध्ये मिसिसिपीहून निघालेला लोहमार्ग मिसूरीकाठच्या कौन्सिल ब्लफ्सला पोहोचला. आणि जी गवताळ भूमी तयार व्हायला हजारो वर्षे लागली, ती साधारण सत्तर वर्षांत नांगराखाली गेली.

गुरुवार : डेमॉइन आणि एम्स

राजधानी डेमॉइनमध्ये नदीकाठच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देखण्या इमारतीत आता जागतिक अन्न पुरस्काराचे दालन आहे. बोरलॉग यांनी १९८६ साली सुरू केलेला हा पुरस्कार पहिल्यांदा, १९८७ मध्ये, एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला. पण मी तिथे गेले होते ते १९९८ च्या मानकऱ्यासाठी. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली आणि संकरित बियाणे लहान शेतकऱ्यांपर्यंत नेले, त्याबद्दल त्यांना हा पुरस्कार मिळाला. जालन्याची मोंढ्यातली ओळख घेऊन मोठ्या झालेल्या कोणालाही या शहरात ते नाव पाहून बरे वाटेल.

संकरित बियाण्याची वाटही आयोवातूनच जाते. डेमॉइनच्या हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याचे बियाणे विकणारी कंपनी स्थापन केली. १९३५ साली आयोवातील मक्याच्या क्षेत्रापैकी दहा टक्क्यांच्या आसपास क्षेत्र संकरित होते. चारच वर्षांत ते नव्वदच्या घरात गेले. पुढे वॉलेस देशाचे कृषिमंत्री व उपाध्यक्ष झाले. लहानपणी वनस्पती ओळखायला त्यांना शिकवले ते एम्सच्या कृषी महाविद्यालयातील, त्यांच्या वडिलांच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याने. तो विद्यार्थी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

कार्व्हर यांचे चरित्र मराठी घरांत शाळकरी वयापासून वाचले जाते, त्यामुळे एम्सचा परिसर परका वाटला नाही. गुलामगिरीत जन्मलेला हा तरुण कॅन्ससमधील एका महाविद्यालयातून केवळ कातडीच्या रंगामुळे परत पाठवला गेला, नंतर आयोवातील विंटरसेट गावी आला, १८९० मध्ये इंडियनोला येथील सिम्प्सन महाविद्यालयात चित्रकला शिकू लागला, आणि तिथल्या चित्रकला शिक्षिका एटा बड यांच्या सांगण्यावरून पुढच्या वर्षी एम्सला गेला. एटा यांचे वडील तिथे उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि मग टस्कीगी, हा पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. ज्या कायद्याने हे महाविद्यालय उभे राहिले, तो १८६२ चा मॉरिल कायदा सर्वप्रथम स्वीकारणारे राज्य आयोवाच होते. सरकारी जमीन विकून आलेल्या पैशांतून शेती व यंत्रविद्येचे शिक्षण द्यायचे, अशी ती योजना होती. पुन्हा जमीनच.

शुक्रवार : जमिनीखालचे नळ

एम्सच्या उत्तरेस गेल्यावर आपण खऱ्याखुऱ्या सपाटीत येतो. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमथराची एक जीभ कॅनडाकडून उतरून आजच्या डेमॉइन शहरापर्यंत आली आणि वितळताना मागे गाळाचा जवळजवळ सपाट, खळगेवजा पृष्ठभाग ठेवून गेली. नद्यांना इथे अजून नीट वाट काढायला वेळच मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुलूख पाणथळांचा, बदकांचा आणि डासांचा होता, आणि हिवतापामुळे लोक तो टाळून पुढे जात.

ओळखीच्या एका शेतकरी दांपत्याकडे आमची दिवसभराची सोय झाली होती. सोयाबीनची काढणी सुरू होती. यजमानीणबाई धान्य वाहणारा ट्रॅक्टर चालवत होत्या आणि त्यांचे पती हार्वेस्टरवर होते. हार्वेस्टर न थांबता शेजारून जाणाऱ्या गाडीत धान्य ओतत होता. मक्याचा उतारा एकरी दोनशे बुशेलच्या पुढे अपेक्षित असल्याचे त्यांनी सांगितले, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नास क्विंटलहून अधिक. हा मका माणसाच्या ताटात थेट जात नाही. राज्यातील निम्म्याहून अधिक मका इथेनॉलसाठी जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग जनावरांना. माणसांची संख्या बत्तीस लाखांच्या आसपास असलेल्या या राज्यात डुकरे दोन कोटींहून अधिक आहेत, आणि ती लांबलचक बंद शेडमध्ये असल्याने एकही दिसत नाही. वारा फिरला की कळते.

दुपारी त्यांनी शेताच्या कडेचा खोल चर दाखवला. चराच्या भिंतीतून एक नळ बाहेर आला होता आणि पाऊस नसतानाही त्यातून पाणी वाहत होते. शेताखाली साधारण चार फुटांवर अशा नळांचे जाळे आहे, त्याला इथे ‘टाइल’ म्हणतात. १८८० नंतरच्या काही दशकांत शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी हाताने चर खणून भाजलेल्या मातीचे फूटभर लांबीचे नळ एकापुढे एक मांडले. सांध्यांतून पाणी आत झिरपायचे आणि उताराने मोठ्या चराकडे जायचे. एका शेतातले पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच जाणार, म्हणून कायद्याने निचरा-जिल्हे स्थापन झाले आणि त्यांना कर बसवण्याचा अधिकार मिळाला. आज छिद्रे पाडलेले प्लॅस्टिकचे नळ यंत्राने घालतात. राज्यातील सुमारे निम्म्या लागवडीच्या जमिनीखाली अशी टाइल आहे आणि मूळ पाणथळांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली आहेत. महामार्गावरून दिसणारी ती कंटाळवाणी सपाटी निसर्गाने अर्धीच दिली होती. उरलेली माणसांनी खणून काढली, आणि ते काम पुरले गेल्यामुळे त्याचे स्मारक कुठेच नाही. माझ्या मते या सबंध प्रवासातील पाहण्याजोगी गोष्ट कोणती असेल, तर ती हा नळ.

त्याच नळातून खताचा नायट्रेटही वाहतो. तो रॅकून आणि डेमॉइन नद्यांतून राजधानीच्या पिण्याच्या पाण्यात येतो, तिथून मिसिसिपीत आणि अखेरीस मेक्सिकोच्या आखातात, जिथे दर उन्हाळ्यात प्राणवायू घटून मोठा पट्टा मासळीला निकामी होतो. डेमॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये उत्तरेकडील तीन काउंट्यांच्या निचरा-जिल्ह्यांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. यजमानांनी या विषयावर आवाज चढवला नाही. हिवाळ्यात जमीन उघडी राहू नये म्हणून ते काही शेतांत राय हे गव्हासारखे तृणधान्य पेरतात, पण निम्म्याहून अधिक जमीन खंडाने घेतलेली आहे आणि दरवर्षी करार नवा होतो, तेव्हा दुसऱ्याच्या मातीवर खर्च करताना हात आखडतो, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. मालक बहुतेक वयोवृद्ध आहेत, त्यांची मुले शहरांत आहेत. १९८० च्या दशकातील कर्जसंकटात याच रस्त्यावरची किती घरे उठली, ते त्यांनी गाडीतून जाताना एकेक जागा दाखवून सांगितले. बहुतेक ठिकाणी आता फक्त वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांची रांग होती.

शनिवार : लोएस टेकड्या

पश्चिमेकडे जाताना कून रॅपिड्स गावाजवळून गेलो. संकरित मक्याचे बियाणे विकणारे रॉझवेल गार्स्ट यांच्या शेतावर सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह आले होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात मक्याच्या शेतात झालेली ती भेट आयोवाचे लोक अजून चवीने सांगतात.

मिसूरीचे खोरे जवळ आले की सपाटीतून अचानक अरुंद, धारदार माथ्यांच्या टेकड्या उभ्या राहतात. हिमयुगात नदीपात्रात उघडा पडलेला बारीक गाळ वाऱ्याने उचलला आणि पूर्व काठावर टाकला. काही ठिकाणी तो साठ मीटरपर्यंत जाड आहे. लोएसचे थर जगात अन्यत्रही आहेत, पण इतक्या उंचीच्या टेकड्या म्हटले की चीनचेच नाव निघते. याच धुळीचा पातळ थर पुढे राज्यभर पसरला, आणि सबंध आठवडाभर आम्ही जी काळी माती पाहिली, तिच्यातला बराचसा मूळ ऐवज अशा वाऱ्यावर आलेल्या धुळीचा आहे. पिस्गा गावाजवळच्या माथ्यावर चढलो तर पश्चिम उतारावर युक्काची काटेरी झुडपे, गवत आणि जनावरांच्या पायऱ्यांसारखे दिसणारे घसरणीचे बारीक टप्पे होते. खाली मिसूरीचे पूरमैदान, पुन्हा चौकोनी. नदी सरळ करून बांधात घातलेली, तरी २०११ आणि २०१९ च्या पुरांनी तिथली शेते महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवली होती.

या उतारांवर नांगर चढला नाही, म्हणून राज्यातील उरलेल्या मूळ प्रेरीचा मोठा भाग इथेच आहे. आता तिला देवदारासारख्या दिसणाऱ्या लाल सीडरच्या झाडांचा वेढा पडतो आहे. पूर्वी आदिवासी लोक आणि वीज गवताला आग लावत, त्यात ही झाडे टिकत नसत. वस्ती आली, आग विझवली जाऊ लागली आणि झाडी वाढली. हल्ली वसंत ऋतूत वारा पाहून, पट्टे आखून मुद्दाम आग लावतात, आणि शेजारची घरे वाचवत हे काम करणे फार जिकिरीचे असल्याने दरवर्षी थोडाच भाग उरकतो.

आयोवासाठी एकच दिवस हाताशी असलेल्यांनी महामार्ग सोडून यायचे असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी नील स्मिथचे गवत आणि दुपारनंतर या टेकड्या असा बेत करावा. अंतर साधारण अडीच-तीन तासांचे आहे, वाटेत कॉफी कुठल्याही गावच्या पेट्रोलपंपावर मिळते, आणि काढणीच्या दिवसांत गावरस्त्यावर समोरून हार्वेस्टर आला तर आपली मोटार मुकाट्याने कडेला घ्यावी लागते.